बंगला कुणाचा?

पाचगणीत पत्ता विचारला तर कुणी घराचा नंबर सांगत नाही, बंगल्याचं नाव सांगतो. नाव साहेबाचं, फर्निचर पारशाचं, खरेदीखत मुंबईच्या शेठजींचं आणि किल्ली रखवालदाराच्या कमरेला! तेव्हा बंगल्याचा मालक कोण, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. युरोपातल्या सरदारांच्या हवेल्यांवर निदान घराण्याची चिन्हं तरी कोरलेली असतात. आमच्याकडे दस्तऐवज, आणि त्याची भाषा अशी, की वाचणाऱ्यानं घर घ्यायचा विचारच सोडावा. म्हणून मी आपला भिंतीपासून सुरुवात करतो.

महाबळेश्वरचा पाऊस साहेबाला झेपेना. जून लागला की बिऱ्हाड गुंडाळून खाली उतरावं लागे. पाचगणी तिथून पूर्वेला जेमतेम 18 किलोमीटर, उंची सुमारे 1300 मीटर, पण पाऊस पुष्कळच कमी. म्हणजे बाराही महिने राहण्याची सोय. 1860 नंतरच्या दशकात जॉन चेसन नावाच्या साहेबानं दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधे ही वसाहत उभी केली. परदेशी सिल्व्हर ओक लावले. दगड मात्र इथलाच, जांभा. जमिनीतून काढताना मऊ, वारं लागलं की कडक. नोकरीत कायम झालेल्या कारकुनासारखा.

मग साहेबाच्या पोरांसाठी शाळा आल्या. 1895 साली सेंट जोसेफ, 1898 साली किमिन्स, 1904 साली सेंट पीटर्स. या सेंट पीटर्समध्येच 1955 साली फारुख बलसारा हा आठ वर्षांचा मुलगा दाखल झाला. पुढं तो फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजला. साहेब गेला, शाळा राहिल्या.

दवाखान्याचंही तेच. डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी 1912 साली क्षयरोग्यांसाठी 'बेल-एअर' काढलं. त्या काळी क्षयावर औषध म्हणजे हवा, दूध आणि देवाचं नाव. पुढं स्ट्रेप्टोमायसिन आलं, हवा खात पडून राहण्याचं कारण उरलं नाही. 'बेल-एअर' रेडक्रॉसकडे गेलं, नंतर तिथं एचआयव्हीच्या रोग्यांना आसरा मिळाला. मालक बदलले, रोग बदलला. खाट रिकामी राहिली नाही.

आणि 'दिलखुशा'! तुरुंगातून सुटल्यावर 1944 च्या जुलैत गांधीजी तिथं विश्रांतीला उतरले. विश्रांती कसली? 17 जुलैला एक पत्र जीनांना, दुसरं थेट चर्चिलना! चर्चिलचं वाटेत गहाळ झालं. जीनांचं पोचलं, आणि सप्टेंबरात मुंबईत दोघांच्या भेटी झाल्या. तेव्हा घरपट्टी कोण भरत होतं, हे आज कुणी विचारत नाही.

आता पुष्कळ बंगल्यांना कुलूप दिसतं. एका रखवालदाराला मी विचारलं, "मामा, मालक येतात का हो?"

"मालकांचा दिवाळीला फोन येतो," ते म्हणाले. "पाऊस मात्र स्वतः येतो."

2001 साली केंद्र सरकारनं महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. त्यामुळं वाटेल तशी बांधकामं करायला आडकाठी आली, हे उत्तमच झालं. पण कायदा फार तर बंगल्याभोवतीची झाडं राखील. आत चूल पेटवायला माणूसच लागतं. गळक्या छपराखाली बादली ठेवताना वैतागणारं कुणीतरी घरात असलं, तरच छपराची दुरुस्ती होते.