‘बाधणं’ या शब्दाचा इतिहास कुठे शोधायचा?

मालवणच्या चिवला बीचवर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा होते. तिथे उतरणाऱ्या काहींच्या डोक्यात पुढचं गणित असतं: गोव्यात २०१९ साली सुरू झालेली आयर्नमॅन ७०.३. म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं, सगळं एका दमात. अशा सरावात पोट फार त्रास देतं. लांब व्यायामात रक्त स्नायूंकडे वळतं, आतड्यांना कमी मिळतं, आणि एरवी कसंबसं चालून जाणारं दूधही बाधू लागतं.

माझ्या एका मित्राचं असंच झालं. दूध आणि गहू सोडून तो नाचणीची भाकरी, पेज आणि सोलकढीवर आला. त्याला बरं वाटलं. मग म्हणाला, “आपले पूर्वज हेच खायचे, म्हणून त्यांना असले त्रास नव्हते. तू इतिहासवाला ना, सिद्ध करून दे.”

मी खरंच बसलो. पहिला घोटाळा नावाचा. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधीचं मालवण शोधायचं तर रत्नागिरीच्या कागदांत जावं लागतं, आणि सावंतवाडी संस्थानाची दफ्तरं वेगळीच. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड, १८८० चा, या दोन्हींवर आहे. त्यात भात, नाचणी, वरी, हरीक, मासळी सगळं सापडतं. पण कुणाला काय बाधतं, हे तो खंड लिहिणारे कशाला विचारतील? त्यांना पीक, जमीन आणि सारा मोजायचा होता. मित्राला पाहिजे होता तो पुरावा तिथे नाही; आणि ‘उल्लेख नाही’ याचा अर्थ ‘त्रास नव्हता’ असा मी लावला असता, तर मार्गदर्शकांनी पहिल्याच पानावर लाल रेघ मारली असती.

गव्हाचंच बघा. नेदरलँड्समध्ये विलेम डिके हे बालरोगतज्ज्ञ सिलिअ‍ॅकच्या मुलांना गव्हाशिवाय ठेवून पाहत होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि ही आजारी मुलं सुधारू लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांचा प्रबंध १९५० चा. आता हेच उलट बाजूने कोकणात लावून पाहा. तांदळात ग्लुटेन नाही, नाचणीत नाही. ज्या घरात गहू सणावारालाच यायचा, तिथे ही प्रवृत्ती असलेलं मूल असलं तरी ओळखणार कसं? १९५६ मध्ये अमेरिकेशी पी.एल. ४८० चा करार झाला आणि तिकडचा गहू रेशनच्या दुकानांतून येऊ लागला. त्यामुळे रेशनच्या नोंदी आणि दवाखान्यांची जुनी रजिस्टरं शेजारी ठेवून वाचायला हवीत. हे काम कंटाळवाणं आहे, पण प्रश्न खरा तिथे आहे.

हरकाने मला सगळ्यात जास्त थांबवलं. हरीक, म्हणजे कोद्रा, खाऊन गुंगी येते, हे जुन्या लोकांना पक्कं माहीत होतं. कापणीच्या वेळी पाऊस लागला की धान्य जास्त बाधतं. ही त्यांची ‘फूड सेन्सिटिव्हिटी’ होती का? नाही. १९८० च्या दशकात संशोधकांनी दाखवलं की अशा धान्यावर बुरशी वाढते आणि तिचं सायक्लोपियाझोनिक आम्ल हे विष गुंगी आणतं. खाणाऱ्याच्या शरीरात दोष नव्हता, दोष दाण्यावर होता. म्हणजे ‘बाधणं’ या एका शब्दाखाली विष आहे, कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे, दूध न पचणं आहे, भुताटकीही आहे! जुन्या शब्दावर आजचं लेबल चिकटवायची घाई केली की हे सगळं एकात मिसळतं.

आणि ‘पूर्वजांचा आहार’ म्हणताना कोण पूर्वज? वरकस जमिनीवरची नाचणी आणि हरीक ही गरिबाची धान्यं होती. भात पिकवणाऱ्या कित्येक घरांना तोच भात वर्षभर पुरायचा नाही, म्हणून माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. ती पेज कुणी आतड्यांचा विचार करून निवडली नव्हती. मित्राला आज नाचणी मानवते हे खरंच आहे. फक्त त्याचं कारण १८८० मध्ये सापडत नाही.

हे मी त्याला सांगितलं, तेव्हा त्याची आजी बाजूलाच होती. मी तिला विचारलं, “आजी, तुमच्या लहानपणी दूध कुणाला बाधायचं का?” ती हसली. “दूध होतां खंय आमच्याकडे?”

बहुतेक माणसांत दूध पचवणारं लॅक्टेज लहानपणानंतर कमी होतं, पण चहात पडतं तेवढ्या दुधाने सहसा काही कळत नाही. मुलाखतींची प्रश्नावली मी त्याच रात्री बदलली. ‘काय बाधायचं?’ हा प्रश्न आता सातवा आहे. पहिला आहे, ‘घरात काय यायचं, किती, आणि कुठून?’