जॉन मॅक्लेंडन : एका लहान कॉलेजचा क्रीडाशिक्षक

नागपूरहून रायपूरकडे जाणारा हमरस्ता भंडारा व साकोली मागे टाकून छत्तीसगडच्या सीमेकडे निघाला, की दुतर्फा अरण्य दाट होऊ लागते; आणि त्या अरण्यप्रदेशात देवरी हे तालुक्याचे गाव लागते. १९९९ साली भंडारा जिल्ह्याचे विभाजन झाले, तेव्हापासून हे गाव गोंदिया जिल्ह्यात मोडते. अशा आडबाजूच्या गावातील महाविद्यालयाचे नाव वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठावर क्वचितच झळकते. तेथील क्रीडाशिक्षकाच्या वाट्यास भव्य प्रेक्षागृह येत नाही आणि नामांकित खेळाडूही येत नाहीत. मुले येतात, दोन-तीन वर्षे मैदानावर घाम गाळतात आणि निघून जातात. मग अशा शिक्षकाच्या कारकिर्दीचे माप कोणत्या मापाने घ्यावयाचे? जिंकलेल्या सामन्यांच्या संख्येने, की आणखी कशाने? बास्केटबॉल या खेळाच्या इतिहासात या प्रश्नाचे मोठे बोधप्रद उत्तर सापडते.

या खेळाचा जन्म मुळात एका शिक्षकाच्या अडचणीतून झाला. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे ख्रिस्ती तरुणांच्या संघाचे शिक्षक तयार करणारे एक विद्यालय होते. हिवाळ्यात बाहेर बर्फ पडलेले असता कंटाळलेल्या अठरा विद्यार्थ्यांना कसे गुंतवावे, असा प्रश्न तेथील जेम्स नेस्मिथ या तरुण शिक्षकापुढे पडला. १८९१ च्या डिसेंबरात त्यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला दोन्ही टोकांस पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले, आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ पाडून खेळ सुरू केला. त्या पहिल्या वर्गातील डंकन पॅटन या विद्यार्थ्याने १८९४ साली हा खेळ हिंदुस्थानात आणला. पुढे १९२० मध्ये हॅरी बक यांनी मद्रास येथे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले आणि तेथून शिकून निघालेल्या शिक्षकांनी तो देशभर नेला.

नेस्मिथ स्वतः १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात गेले व तेथील संघाचे पहिले शिक्षक झाले. त्यांच्या कारकिर्दीत त्या संघाने पंचावन्न सामने जिंकले आणि साठ गमावले. ज्याने खेळ निर्माण केला, त्याच्याच नावावर जयांपेक्षा पराजय अधिक! परंतु खेळ हा मनुष्य घडविण्यासाठी आहे, अशी नेस्मिथ यांची धारणा होती आणि जयापजयाच्या हिशेबात त्यांचे मन कधी रमले नाही. त्यांच्या हातून घडलेला सर्वांत मोठा शिष्य तर असा होता, की ज्याला त्या विद्यापीठाच्या संघातून एकही सामना खेळू दिला गेला नाही.

त्या शिष्याचे नाव जॉन मॅक्लेंडन. १९१५ साली कॅन्सस प्रांतातील हायावाथा या गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नेस्मिथ यांनाच गुरू कर, असे वडिलांनी बजावून सांगितले होते. त्याप्रमाणे हा तरुण विद्यापीठात दाखल होताच थेट नेस्मिथ यांच्यापुढे जाऊन उभा राहिला, आणि वृद्ध गुरूंनी त्याचा स्वीकार केला. शारीरिक शिक्षणाचा सर्व अभ्यासक्रम त्यास शिकता येई; मात्र विद्यापीठाच्या संघात कृष्णवर्णीयास मज्जाव होता. वर्गात ज्याने खेळ शिकावा, त्याने सामन्याच्या वेळी बाहेर बसावे, असा तो न्याय होता.

त्याच विद्यापीठात पोहण्याचा एक तलाव होता. पोहण्याची परीक्षा सर्वांना सक्तीची असे; परंतु कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पाण्यात न उतरताच उत्तीर्ण करून टाकण्याची वहिवाट पडली होती. मॅक्लेंडन यांनी ही सवलत नाकारली आणि ते पाण्यात उतरले. त्यानंतर तलावातील सर्व पाणी सोडून देण्यात आले! महाराष्ट्रातील वाचकास येथे महाडचे चवदार तळे आठवल्यावाचून राहणार नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्यानंतर काही लोकांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. महाडचा वाद न्यायालयात दहा वर्षे चालून १९३७ साली उच्च न्यायालयात संपला. कॅन्ससमध्ये मॅक्लेंडन यांनी माघार घेतली नाही, नेस्मिथ त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि अखेर तलाव सर्वांस मोकळा झाला. दोन खंडांतील या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता; परंतु माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते ही समजूत दोन्हीकडे सारखीच होती.

१९३६ साली मॅक्लेंडन पदवीधर झाले. शारीरिक शिक्षणाची कॅन्सस विद्यापीठाची पदवी मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी होत. त्याच वर्षी बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत बास्केटबॉलला प्रथम स्थान मिळाले व तो सोहळा पाहण्यास नेस्मिथ स्वतः हजर होते. योगायोग असा, की अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही त्याच वर्षी बर्लिनला देशी व्यायाम व खेळ यांची प्रात्यक्षिके दाखवीत होते. वऱ्हाडातील एका संस्थेला जगाच्या मैदानावर पाऊल टाकता आले, त्या वर्षीही नेस्मिथ यांच्या शिष्यास स्वतःच्या विद्यापीठाच्या मैदानावर जागा नव्हती.

पुढे मॅक्लेंडन उत्तर कॅरोलिना प्रांतात डरहॅम येथील कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात गेले आणि १९४० मध्ये तेथील संघाचे मुख्य शिक्षक झाले. कॉलेज लहान, साधने तुटपुंजी. तेव्हाची पद्धत अशी, की चेंडू हळूहळू पुढे न्यावा व संधीची वाट पाहावी. मॅक्लेंडन यांनी आपल्या खेळाडूंना उलट शिकविले. चेंडू हाती येताच वाऱ्यासारखे धावावे. आणि तो हातून गेला, की आपल्या टोपलीपाशी परतण्याची वाट न पाहता जेथे गेला तेथेच प्रतिपक्षास अडवावे. खेळ संपूर्ण मैदानावर खेळावयाचा असतो, हा धडा त्यांनी नेस्मिथ यांच्यापासूनच घेतला होता. अशा खेळास विलक्षण दम लागतो. म्हणून मुलांकडून ते धावण्याचा कसून सराव करून घेत. आज जगभर जो वेगवान बास्केटबॉल दिसतो, त्याच्या प्रमुख शिल्पकारांत या लहान कॉलेजच्या शिक्षकाची गणना होते.

१९४४ च्या हंगामात त्यांचा संघ केवळ एक सामना हरला होता. परंतु राष्ट्रीय स्पर्धांची दारे कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांना बंद होती. त्याच डरहॅम गावात ड्यूक हे श्वेतवर्णीयांचे श्रीमंत विद्यापीठ होते, आणि त्याच्या वैद्यकीय शाखेत युद्धकाळामुळे दाखल झालेल्या तरुणांचा एक बलाढ्य संघ होता. या दोन संघांनी एकत्र खेळणे म्हणजे कायदा व रूढी या दोहोंचा भंग. तरीही सामना ठरला. १२ मार्च १९४४, रविवारची सकाळ. गावातील लोक व पोलीसही प्रार्थनामंदिरात असतील अशी वेळ मुद्दाम निवडलेली. ड्यूकचे खेळाडू आडवळणाने मोटारीतून आले. व्यायामशाळेच्या दारांना आतून कुलपे लावली गेली. प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. काही विद्यार्थी तेवढे खिडक्यांवर चढून पाहत होते. आरंभी दोन्हीकडचे खेळाडू बिचकत होते. हातातून चेंडू निसटत होता. मग मॅक्लेंडन यांच्या मुलांचे पाय सुटले आणि त्यांनी ४४ विरुद्ध ८८ गुणांनी सामना जिंकला.

परंतु त्या दिवसाचे मर्म या आकड्यांत नाही. सामना संपल्यावर खेळाडूंनी दोन्ही संघ मिसळून नवे संघ पाडले, आणि गोरे व काळे एकाच बाजूने पुन्हा खेळले. हा धोका काल्पनिक नव्हता. त्याच वर्षी जुलै महिन्यात डरहॅममध्ये बसमधील बैठकीच्या वादावरून एका कृष्णवर्णीय सैनिकास बसचालकाने गोळी घालून ठार मारले, आणि न्यायालयाने त्या चालकास निर्दोष सोडले. म्हणूनच या सामन्याचा बोभाटा झाला नाही. ज्या वार्ताहरास तो ठाऊक होता त्यानेही एक ओळ लिहिली नाही. १९९६ साली स्कॉट एल्सवर्थ या इतिहासकाराने हकीकत प्रसिद्ध करीपर्यंत बावन्न वर्षे ती खेळाडूंच्या मनातच राहिली.

बंद दाराआड जे साधले, ते उघड्या मैदानावर आणण्यासाठी मॅक्लेंडन यांनी पुढील दशक वेचले. लहान महाविद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेने १९५३ मध्ये आपली स्पर्धा कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांना खुली केली, त्यामागे त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा चिकाटीचा प्रयत्न होता. १९५४ मध्ये ते टेनेसी प्रांतातील नॅशव्हिल येथील कॉलेजात आले. कॅन्सस सिटीच्या स्पर्धेचे निमंत्रण येताच त्यांनी अट घातली, की इतर संघ ज्या प्रकारच्या हॉटेलांत उतरतात तेथेच आपली मुलेही उतरतील. अट मान्य झाली. पुढे १९५७, १९५८ व १९५९ अशी सलग तीन वर्षे त्यांच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद पटकाविले. त्यापूर्वी कोणत्याही महाविद्यालयीन शिक्षकास हे साधले नव्हते. १९६६ मध्ये क्लीव्हलँड येथील बहुतांशी श्वेतवर्णीय विद्यापीठाने त्यांस मुख्य शिक्षक नेमले. तेही कृष्णवर्णीयांत पहिलेच.

गौरव मात्र सावकाश आला. १९७९ साली बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरात त्यांचा समावेश झाला, तो खेळास हातभार लावणारे या नात्याने. १९९९ मध्ये ते निवर्तले. आणि शिक्षक या नात्याने त्यांचे नाव तेथे नोंदले गेले ते २०१६ साली, मृत्यूनंतर सतरा वर्षांनी. ज्या कामास सारे आयुष्य वाहिले, त्या कामाची ओळख पटावयास जगास इतका काळ लागला.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. नेस्मिथ यांच्या साठ पराजयांत मॅक्लेंडन कोठेही दिसत नाहीत, आणि पंचावन्न जयांतही दिसत नाहीत. मॅक्लेंडन यांच्या कोणत्याही अधिकृत हिशेबात १२ मार्च १९४४ चा विजय धरलेला नाही. तरीही त्या दोघांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाच्या गोष्टी याच होत. देवरीसारख्या गावी संध्याकाळी शिटी वाजवून मुलांना मैदानावर बोलावणारा क्रीडाशिक्षक कोणाला आत घेतो व कोणाला कडेस बसवितो, याची नोंद कोणत्याही गुणफलकावर होत नाही. ती नोंद त्या मुलांपाशी राहते, आणि कधी कधी तीच पुढे इतिहास होते.