एक चूल, एक पंगत : साताऱ्याच्या बोर्डिंगची गोष्ट



हल्ली एक वाक्य आपण सगळेच बोलतो. "पूर्वी घरात सगळे एकत्र जेवायचे." मग टीव्ही आला, मोबाइल आला, आणि ज्याचं त्याचं ताट ज्याच्या त्याच्या खोलीत गेलं. तक्रार खोटी नाही. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी या वाक्यातल्या एका शब्दापाशी अडतो. 'सगळे'. सगळे म्हणजे कोण?

इथं साठी ओलांडलेली बरीच मंडळी बसली आहेत. त्यांनी जरा आठवून बघावं. पहिली पंगत पुरुषांची आणि मुलांची. बायका वाढायला. त्यांची पंगत मागून, आणि तोवर आमटीत काय उरलं असेल ते असेल. सोवळ्यातल्या आजीचं वेगळंच. गडीमाणसं ओसरीवर किंवा गोठ्याच्या बाजूला, आणि त्यातही ज्याच्या त्याच्या जातीप्रमाणं भांडं. अन्न एका चुलीवर शिजलं तरी जेवणं तीन-चार. म्हणजे आज आपण ज्याला 'एकत्र जेवण' म्हणतो, ते आपल्याला वाडवडिलांकडून आयतं मिळालेलं नाही. ते कुणीतरी मिळवलेलं आहे. कसं मिळवलं, त्यातली एक गोष्ट मी आज सांगणार आहे.

आपण 'रोटीबेटी व्यवहार' म्हणतो. बेटीची चर्चा फार होते, रोटीची कमी. पण एकोणिसाव्या शतकात रोटीनं भल्याभल्यांना घाम फोडला होता. 1849 साली मुंबईत परमहंस सभा निघाली. जातिभेद मोडायचा तर सभासदानं दुसऱ्यांच्या हातचा पाव खायचा, पाणी प्यायचं, असा तिथला रिवाज. पण सगळं गुपचूप. 1860 मध्ये सभेची कागदपत्रं चोरीला गेली, नावं फुटणार अशी भीती पसरली आणि सभा बसली. पुढं 1890 मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं समोर आली म्हणून केवढं ग्रामण्य झालं, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. एका कपाचं प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं!

आता कोल्हापूरला येऊ. शाहू महाराजांना बहुजनांची मुलं शिकवायची होती. खेड्यातून पोरगा शाळेसाठी शहरात आला, तर त्याची पहिली अडचण कोणती? शाळेत नाव घालता येईल, पण जेवायचं कुठं? 1896 मध्ये सर्व जातींसाठी म्हणून एक वसतिगृह निघालं. ते हळूहळू ब्राह्मण मुलांचंच होऊन बसलं. मग महाराजांनी दुसरी वाट धरली. 1901 मध्ये मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळं.

जातवार बोर्डिंगं काढली म्हणून महाराजांवर टीका होते. पण त्यांची अडचण समजून घ्या. वेगवेगळ्या जातींची मुलं एका बाकावर बसवणं अवघड होतं, पण एका पंगतीला बसवणं त्याहून कितीतरी अवघड. आईबाप पोर परत घेऊन गेले असते. खरी भिंत स्वयंपाकघरात होती. महाराजांना ती पुरती ठाऊक होती. म्हणूनच तर पुढं गंगाराम कांबळ्यांना त्यांनी हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथं जाऊन चारचौघांत चहा घेतला.

त्या जैन बोर्डिंगात कुंभोजचा एक दांडगा मुलगा होता. भाऊराव पायगोंडा पाटील. अभ्यासात बेताचा, कुस्तीत पुढं. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आलं, आधी अंघोळ कर, मग आत ये. तो म्हणाला, करणार नाही. बोर्डिंगातून त्याला काढून टाकलं. पुढं आयुष्यभर या माणसानं जे केलं, त्याचं मूळ मला या एका 'करणार नाही'मध्ये दिसतं.

1919 मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले इथं भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. 1927 मध्ये गांधीजी तिथं आले आणि त्याला 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' हे नाव मिळालं. महाराजांचं नाव दिलं, पण त्यांना जे जमवता आलं नव्हतं ते इथं केलं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळी पोरं एका छपराखाली. आणि चूल एकच.

आता ही चूल चालायची कशी, ते बघा, कारण खरी मौज तिथं आहे. पैसा नव्हता. 'मुष्टिफंड' म्हणून कल्पना निघाली. घरातल्या बाईनं दळणातून एक मूठ धान्य बोर्डिंगसाठी बाजूला काढायचं. मुलं ते गोळा करून आणत. सरपण मुलांनी आणायचं, पाणी मुलांनी भरायचं, स्वयंपाकही त्यांनीच करायचा. आचारी ठेवायला पैसे नव्हते हे एक कारण झालं. पण त्याचा परिणाम काय झाला, तो विचारात घ्या. आज भाकरी मांगाच्या पोरानं थापली, उद्या मराठ्याच्या. आमटी खारट झाली तर शिव्या जातीला नाहीत, आमटी करणाऱ्याला! विटाळाची कल्पना भाषणानं जितकी झिजत नाही, तितकी अशा रोजच्या कामानं झिजते.

आपल्याकडं सहभोजनं पुष्कळ झाली. रत्नागिरीत सावरकरांनी केली, समतानंद गद्र्यांनी झुणकाभाकरीची केली. त्यांचं मोल मी कमी करत नाही. त्या काळी तेवढ्यालाही छाती लागत होती. पण सहभोजन हा समारंभ असतो. माणूस जेवतो, हात धुतो आणि आपल्या घरी, आपल्या जुन्या चुलीकडं परत जातो. बोर्डिंगातल्या पोराला परत जायला दुसरी चूलच नव्हती. सकाळी तीच, संध्याकाळी तीच. वर्षानुवर्षं.

या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, आणि तिचं नाव बहुतेक शेवटी घेतलं जातं. भाऊरावांच्या पत्नी, लक्ष्मीबाई. परंपरा पाळणाऱ्या घरातली बाई. नवऱ्यानं एकेक करून नाना जातींची पोरं घरात आणली, तेव्हा तिच्या स्वयंपाकघराचं काय झालं असेल, याचा विचार करा. सभेत ठराव करणं सोपं असतं. घरातल्या शिंकाळ्यापर्यंत, पाण्याच्या घागरीपर्यंत तो ठराव नेणं बाईच्या हातात असतं. लक्ष्मीबाईंनी तो नेला. त्या पोरांना त्यांनी आईसारखं वाढलं. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने गेले, आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा. 1930 मध्ये त्या वारल्या. रयत संस्था पुढं वडासारखी पसरली. वड हेच तिचं बोधचिन्ह आहे. पण त्या वडाच्या मुळाशी एका बाईचं सौभाग्यलेणं विकून आणलेलं धान्य आहे, हे विसरून चालणार नाही.

ही गोष्ट आजही संपलेली नाही. शाळेच्या खिचडीची बाई अमुक जातीची आहे म्हणून मुलांनी जेवण नाकारल्याच्या बातम्या देशात अधूनमधून येतात. आणि आपल्या शहरातल्या घरात? डायनिंग टेबल आलं, सगळे एका वेळी बसायला लागले, चांगलंच झालं. पण गरम पोळीसाठी मधून उठतं कोण? ओट्यापाशी उभं राहून शेवटी खातं कोण? स्वयंपाकाच्या बाईचा कप अजून वेगळा असतो का? ज्यानं त्यानं आपल्या घरात बघावं.

शेजारी बसून जेवणं हा अर्धा भाग झाला. साताऱ्याच्या पोरांनी आपल्याला उरलेला अर्धा दाखवून दिला, तो म्हणजे शिजवण्यातला वाटा. ज्या घरात सगळे मिळून भाजी निवडतात, कणीक मळतात, भांडी आवरतात, त्या घरात 'सगळे एकत्र जेवतात' हे वाक्य मी खरं मानीन. मग एखाद्या दिवशी कुणाला उशीर झाला आणि ताट झाकून ठेवावं लागलं, तरी बिघडत नाही.

आज रात्री घरी गेल्यावर एवढं करून बघा. पहिली भाकरी कुणाच्या ताटात पडते आणि शेवटची कुणाच्या, ते मोजा. आणि मग उद्या परात पुढ्यात ओढा.