बिनशेअरचे सभासद

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘जुन्या आठवणी’ लिहा, असं संपादक मंडळानं मला सांगितलं. भूमिपूजन, पहिलं नळकनेक्शन, पहिला गणपती आणि पार्किंगवरून झालेली भांडणं यांवर इतरांनी लिहिलं आहेच. माझ्याकडे एक वेगळी यादी आहे. जमाखर्चाच्या जुन्या वहीत मागच्या पानापासून ती सुरू झाली. त्या यादीतल्या कोणाकडे शेअर सर्टिफिकेट नाही, मेंटेनन्स कोणी भरत नाही, सर्वसाधारण सभेला कोणी येत नाही. पण सगळे राहतात आपल्याच आवारात, आणि आपल्याही आधीपासून. साप, पाली, पक्षी, खारी, फुलपाखरं. त्यांना ओळखायला आपण कसे शिकलो आणि ती ओळख आपल्यापर्यंत कुठून आली, त्याची ही हकिकत.

राजवाडा आणि पंचांग

कोल्हापूर आणि प्राणी म्हटलं की मोठी जनावरंच डोळ्यांसमोर येतात. संस्थानकाळात इथं शिकारीसाठी चित्ते पाळले जात. देशातले चित्ते दुर्मिळ झाल्यावर ते आफ्रिकेतून आणवले गेले. न्यू पॅलेसच्या संग्रहालयातली पेंढा भरलेली जनावरं दाखवायला आपण पाहुण्यांना हौसेनं नेतो. दाजीपूरचं जंगल ही संस्थानची शिकारीची जागा होती. १९५८ साली तिथं गव्यांसाठी अभयारण्य झालं, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला तेव्हा राधानगरी त्यात होतं.

हा मोठ्यांचा इतिहास. छोट्यांची नोंद मात्र राजवाड्यात नव्हती, ती घराघरात होती. पंचांग उघडून बघा, ‘पल्लीपतन’ सापडेल. पाल अंगावर कुठं पडली तर काय फळ, याचा हिशेब. त्यातलं फळ खरं मानायचं की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण भिंतीवरच्या पालीकडे इतकं लक्ष देणारी माणसं आपल्याकडे होती, एवढं त्यातून दिसतं. नागपंचमीला नांगर धरायचा नाही, चिरायचं-तळायचं नाही, हे आपल्या आज्यांनी पाळलं. शेजारच्या सांगली जिल्ह्यात बत्तीस शिराळ्याला जिवंत नागांची पूजा होत असे. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि पुढचे न्यायालयाचे आदेश आल्यावर नाग पकडून मिरवण्याला आळा बसला. नागाला त्रास होत होता, तो थांबला हे चांगलंच झालं. पण नाग कोणता आणि धामण कोणती, हे त्या गावातल्या पोराटोरांना कळत होतं, हेही विसरायला नको.

नावं कागदावर आली

कागदावरचा इतिहास दख्खनपुरता बघायचा तर कर्नल साइक्स यांचं नाव घ्यावं लागतं. मुंबई सरकारनं या गृहस्थांना दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं होतं. गावं, पिकं, माणसं मोजता मोजता त्यांनी पक्षीही टिपले, आणि १८३२ साली लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या पक्ष्यांची यादी ठेवली. त्यात शास्त्राला नवे असे बरेच पक्षी होते. आपल्या ‘बी’ विंगच्या जास्वंदीत शेपटी उभी करून दिवसभर कटकट करणारा तो इवलासा राखी वटवट्या त्यातलाच. ओढ्याच्या काठावर मातकट अंग चोरून बसणारा आणि उडाला की एकदम पांढराशुभ्र दिसणारा वंचक बगळाही त्यातलाच. शेतकऱ्याला हे पक्षी आधीच माहीत होते. साइक्सनी त्यांना जगाच्या वहीत चढवलं, एवढंच.

पुढं १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली. १९०८ च्या सुमारास एक शाळकरी मुलगा छर्‍याच्या बंदुकीनं मारलेली चिमणी घेऊन तिथं गेला. चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता आणि ती कोणती, हे त्याला घरात कोणी सांगेना. सोसायटीचे सचिव मिलार्ड यांनी पोराला हाकलून दिलं नाही. पक्षी ओळखून दिला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ साली आलं आणि सामान्य माणूस हातात चित्र धरून झाडाकडे बघायला लागला.

मराठीत हे काम मारुती चितमपल्लींनी केलं. सोलापूरचा हा माणूस वनखात्यात नोकरीला लागला, जंगलातल्या माणसांकडून पक्ष्यांची आणि झाडांची बोलीतली नावं गोळा करत राहिला आणि ‘पक्षीकोश’ लिहून बसला. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. आपल्या वहीत इंग्रजी नावाशेजारी मराठी नाव लिहायचं असा नियम आहे, तो त्यांच्यामुळे.

पहिली नोंद : २००३

आता आपल्या आवारात येऊ. आपण राहायला आलो तेव्हा तिन्ही बाजूंना ऊस होता. उसात उंदीर आणि उंदरामागे साप, हे शहरातून आलेल्या आम्हा मंडळींना कोणी सांगितलं नव्हतं. २००३ च्या पावसाळ्यात जिन्याखाली एक पट्ट्यापट्ट्यांचा साप निघाला. “मण्यार, मण्यार” अशी ओरड झाली. आम्ही पाच-सहा जणांनी काठ्यांनी तो ठेचला. त्यात मीही होतो, हे इथं लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्यांच्या मळ्यावर आपली सोसायटी उभी आहे ते आबा दूध घालायला आले. टोपलीखाली झाकलेलं ते जनावर त्यांनी काडीनं उलटून बघितलं आणि म्हणाले, “आवं साहेब, ह्यो कवड्या हाय. इख न्हाई त्येला. तुमच्या पाली खायाला येतोय बिचारा. कशाला मारलासा?”

आम्ही सगळे पदवीधर. दोन इंजिनीअर, एक प्राध्यापक. आणि आमच्यापैकी एकालाही मण्यार आणि कवड्या यांतला फरक माहीत नव्हता. त्या रात्री मी वही काढली. पहिली नोंद अशी आहे : “कवड्या. बिनविषारी. आम्ही मारला.”

पुढं आबांनीच शिकवलं. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलटं. मानेजवळचा भाग बहुधा कोरा, मग बारीक पांढरे पट्टे, बऱ्याचदा जोडीजोडीनं, आणि शेपटीकडे ते जास्त ठळक. अंग काळंभोर, चकचकीत. पुस्तकात वाचलं की मण्यारीच्या पाठीच्या कण्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते. पण ती बघायला इतक्या जवळ जायचंच कशाला, असं आबांचं म्हणणं. त्यांच्याच तोंडून धामण, नानेटी, दिवड, तस्कर, मांडूळ, कुंडीतल्या मातीत सापडणारा गांडुळासारखा वाळा, अशी एकेक नावं वहीत आली. धामण म्हशीचं दूध पिते, हे मात्र आम्ही त्यांच्याकडून घेतलं नाही, आणि ते हसून “बरं, ऱ्हाऊ दे” म्हणाले.

विंचवाचंही तसंच. मोठी काळी इंगळी दिसली की आपण घाबरतो. पण जास्त धोका लहान लाल विंचवाचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात या लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण वर्षानुवर्षं तपासले आणि प्राझोसिन या साध्या गोळीनं ते वाचतात, हे जगाला दाखवलं. कोणतं छोटं जनावर चावलं, हा प्रश्न छोटा नसतो.

दुसरी चूक : २०१९

ऑगस्ट २०१९ चा महापूर कोणी विसरलेलं नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आपल्या मागच्या भिंतीला ओढ्याचं पाणी लागलं होतं. वीज नव्हती. बिळं बुडाल्यावर जनावरं कोरडी जागा शोधत वर आली.

रात्री दहाच्या सुमारास खालून हाक आली, “काका, मीटर रूममध्ये साप आहे.” आता आपली सोसायटी शहाणी झाली होती, कोणी काठी उचलली नाही. मी बॅटरी मारली, पट्टे दिसले आणि मोठ्या ऐटीत सांगून टाकलं, “कवड्या आहे. मारू नका. झाडूनं हळूच बाहेर सरकवा.” कॉलेजमधल्या एका मुलानं झाडू उचललासुद्धा.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची मुलगी मोबाइलवर फोटो मोठा करून बघत होती. ती म्हणाली, “काका, थांबा. मानेजवळ पट्टे नाहीयेत.”

ती मण्यार होती. झाडू तिथंच राहिला. दार ओढून घेतलं, फटीत पोतं कोंबलं आणि सर्पमित्राला फोन केला. तो पुरातून वाट काढत मध्यरात्रीनंतर पोहोचला आणि बरणीत घालून तिला घेऊन गेला. मला त्या रात्री झोप आली नाही. २००३ मध्ये न ओळखता मारलं, ती एक चूक. २०१९ मध्ये ओळखतो असं समजून एका पोराला मण्यारीजवळ पाठवत होतो, ती त्याहून मोठी. ती मुलगी लहानपणी वहीतली चित्रं रंगवायला माझ्याकडे यायची. वही माझी होती, पण ती नीट वाचली होती तिनं.

म्हणून नवीन बिऱ्हाडांसाठी हे ठळक लिहितो. खात्री नसेल तर लांब राहायचं आणि माहितगाराला बोलवायचं. आपल्या देशात सापांच्या ३०० हून अधिक जाती आहेत, पण माणसं दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांमुळे. आपल्याकडे मिळणारी लस या चारही विषांवर चालते. त्यामुळे दंश झाला तर साप शोधत बसू नये. आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं काही करू नये. हात-पाय हलू न देता माणसाला सरळ सीपीआरला किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं. मण्यारीचा दंश झोपेत होतो आणि पुष्कळदा दुखतही नाही. “काही झालं नाही” म्हणून सकाळपर्यंत थांबू नये.

कोल्हापूरच्या नावाची पाल

हे सगळं जुनं झालं, आता नवं काय सापडणार, असं वाटेल. २००९ साली वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाजीपूरच्या जंगलातून पालीची एक नवी जात जाहीर केली. जमिनीवर पालापाचोळ्यात वावरणारी, गोल बाहुलीची, अंगावर इंद्रधनुषी झाक असलेली. तिचं शास्त्रीय नाव निमास्पिस कोल्हापुरेन्सिस. चप्पल, गूळ, तांबडा-पांढरा यांच्या जोडीला आपल्या गावाचं नाव एका पालीलाही लागलं आहे, हे पाहुण्यांना जरूर सांगा. पुढं २०२० मध्ये आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळ माशाची नवी जात मिळाली. हीच नदी खाली आपल्या आजऱ्यातून, गडहिंग्लजमधून वाहते. इतकी वर्षं लोक त्या कुंडापाशी हात जोडून उभे राहत होते, आणि मासा पायाशीच पोहत होता.

वही आज काय सांगते

वहीत आज पक्ष्यांच्या ६४ नोंदी आहेत, सापांच्या ११ आणि फुलपाखरांच्या ३८. फुलपाखरं मुलांमुळे वाढली. कढीपत्त्यावरची अळी आधी पाखराच्या शिटेसारखी दिसते आणि नंतर हिरवीगार होते, हे कळल्यापासून आपल्याकडे कढीपत्त्यावर औषध मारणं बंद झालं. २०१५ मध्ये नीलवंत हे राज्य फुलपाखरू जाहीर झालं आणि पुढच्याच पावसाळ्यात ते ‘सी’ विंगच्या ईडलिंबावर अंडी घालताना दिसलं. त्या दिवशी गच्चीवर चहा झाला होता.

कमीही झालं आहे. ऊस गेला, तिथं इमारती आल्या. नानेटीची शेवटची नोंद २०१४ ची. पहिल्या पावसात बेडकांच्या आवाजानं झोप लागत नसे, आता तो आवाज कान देऊन ऐकावा लागतो. काजवा २००८ नंतर वहीत नाही.

मागच्या कोपऱ्यातली जुनी विहीर बुजवून तिथं पेव्हर ब्लॉक घालायचे, हा विषय येत्या सभेपुढे आहे. पार्किंगची अडचण खरी आहे, ती मलाही आहे. स्मरणिकेत वाद घालणार नाही. फक्त वहीतून एवढंच सांगतो, की ६४ पैकी २३ पक्ष्यांची पहिली नोंद त्या विहिरीच्या कोपऱ्यातली आहे, आणि आवारातल्या धामणीचं घरही तिथंच आहे. ती गेली तर उंदरांचा बंदोबस्त मेंटेनन्समधून करावा लागेल. मत देताना हेही लक्षात असावं.

आबा सहा वर्षांपूर्वी गेले. संस्थापक सभासदांच्या यादीत त्यांचं नाव नसणार, म्हणून त्यांची आठवण इथं केली. वही आता त्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीकडे आहे. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये तिची झेरॉक्स ठेवली आहे. कोणालाही बघता येईल आणि लिहिताही येईल. तारीख, वेळ, जागा आणि काय दिसलं ते लिहायचं. नाव माहीत नसेल तर ती जागा कोरी सोडायची. कोऱ्या जागा नंतर भरता येतात. चुकीचं नाव लिहिलं की काय होतं, ते मी वर सांगितलंच आहे.