वऱ्हाडाची बेगमी : परभणी भागातील जानोशाचा इतिहास

परगावाहून लग्नाला आलेल्या पाहुण्याने मुक्कामाच्या खोलीत पाऊल ठेवताच त्याला एक भरलेली पिशवी मिळावी, तिच्यात पाण्याची बाटली, थोडा खाऊ, उन्हाची टोपी, दोन दिवसांच्या कार्यक्रमांची पत्रिका आणि प्रवासात विसरल्या जाणाऱ्या बारीकसारीक वस्तू असाव्यात, ही पद्धत गोवा, अलिबाग किंवा गणपतीपुळे येथील समुद्रकाठच्या विवाहांबरोबर आली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परभणी जिल्ह्यापासून समुद्र सरळ रेषेतही सुमारे चारशे किलोमीटर दूर असल्याने तेथील लोकांना ही प्रथा विशेषच परकी वाटते. तथापि परगावच्या माणसाला यजमानाच्या गावात कशाचीही उणीव भासू नये म्हणून त्याच्या गरजेच्या वस्तूंची यादी आधी करणे आणि तो येण्यापूर्वीच त्या मुक्कामाच्या जागी मांडून ठेवणे, हे काम गोदाकाठच्या लग्नघरांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित होते. फरक होता तो हा की ती सामग्री पिशवीत मावणारी नव्हती, तिच्यासाठी एक अख्खे घर लागे.

या रीतीचे शास्त्रीय मूळ गृह्यसूत्रांतील मधुपर्कविधीत सापडते. दही आणि मध एकत्र करून, किंवा मध न मिळाल्यास दही आणि तूप मिसळून, ते मान्य अतिथीला अर्पण करणे म्हणजे मधुपर्क. पारस्कर गृह्यसूत्रात अशा सत्काराला पात्र असणाऱ्या सहा व्यक्ती सांगितल्या असून त्यांत आचार्य, ऋत्विज, राजा, स्नातक आणि प्रिय व्यक्ती यांच्याबरोबर विवाहासाठी आलेल्या वराचाही समावेश आहे. बसण्यासाठी दर्भाचे आसन, पाय धुण्यासाठी पाणी, हातावर घालण्याचे अर्घ्य, आचमनाचे पाणी आणि शेवटी मधुपर्क, असा वस्तूंचा क्रम तेथे ठरवून दिलेला आहे, आणि तो धार्मिक असला तरी लांबून चालत आलेल्या माणसाला ज्या क्रमाने जे हवे असते, त्याच क्रमाचा आहे. महाराष्ट्रात या विधीचे रूप सीमांतपूजनात टिकले. वर गावाच्या शिवेवर पोचला की वधूपिता तेथे जाऊन त्याची पूजा करी. पुढे शिवेची जागा गावातील मारुतीच्या देवळाने आणि नंतर कार्यालयाच्या मांडवाने घेतली, आणि बोलीत त्याचे ‘श्रीमंतपूजन’ झाले.

पूजन आटोपल्यावर वराकडची मंडळी ज्या घरात उतरत, त्याला जानवसा किंवा मराठवाड्याच्या बोलीत जानोसा म्हणत. लग्नाचा हंगाम बहुधा चैत्र ते ज्येष्ठ असा असे, कारण तोवर रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरात आलेली असे, कडब्याच्या गंजी रचून झालेल्या असत आणि शेतीची कामे सैल झालेली असत. याच दिवसांत गोदावरीचे, म्हणजे या भागातील लोक जिला गंगा म्हणतात त्या नदीचे, पात्र आटलेले असल्याने पूल नसलेल्या काळात गंगाखेड, सोनपेठ, पाथरी या बाजूंना वऱ्हाडाच्या गाड्या वाळवंटातून पलीकडे नेता येत. मराठीत नदीकाठच्या वाळूच्या पट्ट्यालाही वाळवंट म्हणतात, आणि समुद्र न पाहिलेल्या परभणीकरांना वाळूतून जाणाऱ्या वऱ्हाडाचे अप्रूप मुळीच नव्हते, हे येथे जाता जाता नोंदवण्यासारखे आहे. बैलगाडीने दिवसाकाठी पंचवीस-तीस किलोमीटर मजल होत असल्याने दोन तालुक्यांपलीकडचे वऱ्हाड मध्ये एक रात्र काढून, धुळीने माखून आणि उन्हाने शिणून पोचत असे, आणि जानोशाची सारी मांडणी या शिणलेल्या माणसांना समोर ठेवून केलेली असे.

ही मांडणी तपशिलाने पाहण्याजोगी आहे. जानोशासाठी शक्यतो आड जवळ असलेला, ओसरी आणि मोठे अंगण असलेला एखादा माळवदाचा वाडा मागून घेत, म्हणजे मातीच्या सपाट छताचे घर, जे बाहेरचे ऊन आत लवकर उतरू देत नाही. कुंभाराकडून आणलेले नवे रांजण आदल्या दिवशीच भरून ठेवत, कारण नव्या मातीला पाणी मुरून गार व्हायला रात्र जावी लागते. सतरंज्या, गाद्या, लोड, पितळी तांबे आणि पराती या वस्तू घराघरांतून गोळा केल्या जात, आणि परत करताना गोंधळ होऊ नये म्हणून त्यांवर मालकाचे नाव कोरलेले असे किंवा ओळखीसाठी चिंधी बांधलेली असे. दात घासायला राखुंडी आणि कडुनिंबाच्या काड्या, अंघोळीला शिकेकाई आणि तेल, बैठकीत पानाचे तबक, त्यात कात, चुना, सुपारी आणि लवंग, तंबाखू ओढणाऱ्यांसाठी चिलीम आणि विस्तव, हे सर्व पाहुण्याने न मागता मिळायला हवे असे. त्याहून महत्त्वाची बाब बैलांची होती. वऱ्हाडाच्या प्रत्येक बैलजोडीसाठी कडब्याच्या पेंढ्या, सरकी किंवा ढेप आणि पाण्याची सोय यजमानाकडे लागे, आणि ज्या लग्नात माणसांना पुरणपोळी मिळाली पण बैल उपाशी राहिले, त्या लग्नाची अपकीर्ती व्हायला वेळ लागत नसे.

जानोशात पोचवल्या जाणाऱ्या अन्नाचे दोन प्रकार होते आणि त्यांमागे जातिव्यवस्थेचे गणित होते. एक तयार फराळ आणि दुसरा शिधा. शिधा म्हणजे पीठ, तांदूळ, डाळ, तूप, गूळ, मीठ, मिरची आणि जळण असे न शिजवलेले अन्न, जे पाहुण्याने आपल्या माणसाकरवी शिजवून घ्यायचे असते. शिजलेले अन्न कोणाच्या हातचे चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही याचे निर्बंध कडक असलेल्या समाजात वऱ्हाडाबरोबर आलेल्या भिन्न जातींच्या मंडळींची सोय कोरड्या शिध्यानेच होऊ शके. परतीच्या वेळी दिली जाणारी शिदोरीही याच विचाराने ठरे. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या पाण्यात भिजवलेल्या भाकरीपेक्षा अधिक काळ टिकत आणि सोवळ्याच्या दृष्टीने कमी बाधक मानल्या जात, म्हणून त्या वाटेवरचे अन्न ठरल्या. ज्वारीच्या पिठाचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू यांची जोड त्यांना असे.

एवढी सामग्री एका कुटुंबाने उभी करणे शक्य नव्हते, ती गाव उभी करी. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे, म्हणजे वर्षाकाठी धान्याच्या मोबदल्यात गावाची ठरलेली कामे करणाऱ्या कारागिरांच्या व्यवस्थेचे, जे चित्र आढळते, त्याच्याशी जुळणारी रचना मराठवाड्यातही होती. कुंभार मडकी देई, गुरव पत्रावळी पुरवी, परीट वराच्या वाटेवर पायघड्या अंथरी, न्हावी पाहुण्यांची हजामत आणि अंग रगडणे पाही, तर लाकूड फोडणे, निरोप पोचवणे आणि रात्री गाड्यांची राखण करणे ही कामे महारांकडे येत. ज्यांच्या कष्टांवर जानोसा चाले, त्यांतील अनेकांना त्याच्या ओसरीवर चढण्याची मुभा नव्हती आणि त्यांचे जेवण पंगती उठल्यानंतर बाहेर वाढले जाई. जुन्या आतिथ्याचे कौतुक करणाऱ्या लेखनात ही बाजू सहसा वगळली जाते, आणि तेवढ्यापुरते ते लेखन अपुरे आहे.

व्यवस्थेतील दुसरा दोष मानपानाचा होता. जानोशाची सारी सामग्री वरपक्षासाठी असे, वधूकडच्या परगावच्या नातलगांना मिळेल तेथे पथारी टाकावी लागे. वरपक्षातही वराचा बाप, मामा, थोरले मेहुणे आणि विहीण यांच्या वाट्याचे तबक वेगळे, बसायची जागा वेगळी आणि विड्याचा क्रमही ठरलेला असे. यातील एखादा क्रम चुकला की रुसवा धरला जाई आणि तो काढण्यासाठी वधूपित्याला पागोटे हाती घेऊन जानोशात जावे लागे.

परभणी भागाची आणखी एक विशेष अडचण राजकीय होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि शेजारच्या वऱ्हाड प्रांतातील लोक त्याला मोगलाई म्हणत. सोयरिकी मात्र या हद्दीला जुमानत नसत. संस्थानाचे स्वतःचे हाली नाणे १९५९ पर्यंत व्यवहारात राहिले, ब्रिटिश हद्दीत कलदार रुपया चाले, आणि साधारणतः सात हाली रुपयांना सहा कलदार असा भाव असल्याने आहेराच्या वहीत रक्कम कोणत्या नाण्यात आली हे नमूद करावे लागे. हद्दीवरून येणाऱ्या मालावर संस्थानाचे करोडगिरी खाते जकात घेई. हैदराबादच्या दरबारी संस्कृतीचा ठसा स्वागतावरही उमटला, आणि देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांतील बैठकीत अत्तरदाणी, गुलाबदाणी आणि पानदान या वस्तू हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही घरांच्या लग्नांत सारख्याच दिसू लागल्या.

१९०० च्या सुमारास हैदराबाद ते मनमाड हा हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग पूर्ण झाला आणि सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्थानके त्यावर आली. पाहुण्याला लागणाऱ्या वस्तूंची यादी बदलण्यास येथून प्रारंभ झाला. मानवत गाव स्थानकापासून दूर, पाथरी आणि जिंतूर रेल्वेबाहेर, अशी स्थिती असल्याने यजमानाची जबाबदारी शिवेवर नव्हे तर फलाटावर सुरू होऊ लागली. स्थानकावर माणूस आणि छकडा पाठवणे हा नवा मान ठरला, बैलांच्या वैरणीचा हिशेब कमी झाला आणि फराळाच्या तबकाशेजारी चहाची किटली आली. संस्थानाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये बससेवा सुरू केल्यावर आणि स्वातंत्र्यानंतर एसटी खेडोपाडी पोचल्यावर चार दिवसांचे लग्न दोन दिवसांवर आणि पुढे एका दिवसावर आले. सकाळी येऊन सायंकाळी परतणाऱ्या वऱ्हाडाला रांजण, शिधा आणि राखुंडी कशाला हवी? १९७२ च्या दुष्काळाने हौसेला आणखी कात्री लावली. मंगल कार्यालयात ‘वरपक्ष’ अशी पाटी लावलेली एक खोली, एवढेच जानोशाचे क्षेत्र उरले, आणि वस्तूंपैकी टोपी, टॉवेल आणि दस्ती, म्हणजे खांद्यावर टाकायचा लहान रुमाल, एवढाच आहेर राहिला, जो एका लग्नात मिळावा आणि घडीही न मोडता दुसऱ्या लग्नात द्यावा असा रिवाज पडला.

समुद्रकाठचे लग्न या क्षीण झालेल्या परंपरेला अनपेक्षितपणे पुन्हा मूळ प्रश्नाकडे घेऊन जाते. पुणे, मुंबई किंवा परदेशात स्थिरावलेली मराठवाड्यातील कुटुंबे जेव्हा किनाऱ्यावर विवाह ठरवतात, तेव्हा वऱ्हाड पुन्हा लांबून येते, पुन्हा दोन रात्री मुक्कामी राहते, आणि पुन्हा अनोळखी गावात असते. फार काय, आता यजमानही त्या गावात पाहुणाच असतो, त्यामुळे आड, रांजण आणि शेजाऱ्यांच्या सतरंज्या यांपैकी काहीच त्याच्या हाताशी नसते. जे गावाकडून मिळे ते विकत आणून पिशवीत भरणे त्याला भाग पडते. खाऱ्या दमट उन्हासाठी क्षारसंजीवनीची पाकिटे आणि सुती टोपी, वाळूसाठी सपाता, खोली आणि मांडव यांतील वाट दाखवणारा नकाशा आणि रात्री उशिरा भूक लागल्यास चिवडा, हे निवडताना यजमान तोच विचार करतो जो जानोशासाठी नवे रांजण आदल्या दिवशी भरणाऱ्याने केला होता. भेद आहे तो वाटपात. पिशवी दोन्ही पक्षांच्या प्रत्येक खोलीत सारखीच ठेवली जाते, तिच्यात मामाचा वाटा मोठा आणि मावशीचा लहान असे काही नसते, आणि या एका बाबतीत ती जानोशाहून निःसंशय सरस आहे. उलट तिच्यातील वस्तू बहुधा कोणत्याही शहरात मिळणाऱ्या असतात आणि यजमानाच्या मुलखाची खूण त्यांत क्वचितच दिसते, ही तिची उणीव मानावी लागेल. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘परभणी शक्ती’ वाणाच्या ज्वारीचे धपाटे किंवा लाह्या अशा पिशवीत घालणे अवघड नाही.

जानोशाच्या इतिहासाची खरी साधने ग्रंथांत नाहीत. ती कुटुंबांकडे असलेल्या आहेराच्या वह्यांत, शिध्याच्या याद्यांत, किराणा दुकानाच्या चोपड्यांत आणि मोडी लिपीतील लग्नखर्चाच्या कागदांत आहेत, ज्यांवर धान्याची मापे, मागून आणलेल्या भांड्यांची नावे आणि कोणाला काय पाठवले याचा तपशील मिळतो. स्वयंपाकघरातून ही बेगमी प्रत्यक्ष उभी करणाऱ्या स्त्रियांची नावे या कागदांतही विरळा येतात, म्हणून वयस्क स्त्रियांच्या आठवणी नोंदवून ठेवणे तितकेच निकडीचे आहे. परभणी, सेलू, पाथरी, जिंतूर आणि गंगाखेड येथील ज्या घरांत असे कागद असतील, त्यांनी जुने वाडे पाडताना ते रद्दीत न घालता गावातील सार्वजनिक ग्रंथालयाकडे किंवा नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या अभ्यासकांकडे सोपवावेत.