वसई प्रांताचा आडवा इतिहास

इ. स. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांस सोपाऱ्याच्या भाटेला तळ्यापाशी एक फुटका शिलाखंड मिळाला. अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी आठव्या लेखाचा काही भाग त्यावर राहिला आहे. तोच लेख गिरनार, कालसी इत्यादी ठिकाणी पूर्ण स्वरूपात मिळत असल्यामुळे त्याच्या आशयाविषयी संशय उरत नाही. मौर्य सम्राटाची आज्ञा सोपाऱ्यापर्यंत पोचत होती, हे या दगडाने सिद्ध झाले आणि आपल्या इतिहासग्रंथांनी त्याची तेवढीच नोंद घेतली. परंतु त्या लेखाचा विषय प्रवास हा आहे, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात राहिलेली दिसत नाही.

लेखाचे म्हणणे थोडक्यात असे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत. तीत मृगया आणि तत्सम करमणुकी चालत. प्रियदर्शी राजाने राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीचे दर्शन घेतले, आणि तेव्हापासून धर्मयात्रेस प्रारंभ झाला. या धर्मयात्रेत काय करावयाचे, याची एक यादीच लेखात दिली आहे: ब्राह्मण व श्रमण यांची भेट घेऊन त्यांस दान द्यावयाचे, वृद्धांस भेटून त्यांस द्रव्यसाहाय्य करावयाचे, आणि जनपदातील लोकांचे दर्शन घेऊन त्यांच्याशी धर्मासंबंधी बोलावयाचे. या यादीत एकाही प्रासादाचे, किल्ल्याचे किंवा नगराचे नाव नाही, हे विशेष होय. सम्राटाने काय पाहिले यापेक्षा तो कोणास भेटला यावरून त्याच्या प्रवासाची किंमत ठरावयाची होती.

आज वसई-विरारकडे प्रवासी जातात ते बहुधा विहारयात्रेस जातात, आणि त्यात दोष काढण्याचे कारण नाही. आठवडाभर कचेरीत किंवा वर्गात बसलेल्या माणसाने आदितवारी मुलाबाळांसह समुद्रावर जावे, हे योग्यच आहे. भाड्याच्या मोटारीने ही सोय पुष्कळच वाढविली आहे. सकाळी मोटार ठरवावी, किल्ला पाहावा, अर्नाळ्याच्या वाळूत पाय भिजवावेत, सायंकाळी घरी परतावे. इतके केले की वसई पाहून झाली असे आपण समजतो. आमचे म्हणणे एवढेच की, याच मोटारीने, याच खर्चात आणि याच एका दिवसात या प्रांताचा इतिहासही समजण्यासारखा आहे. मात्र त्यासाठी तिचे तोंड दुसऱ्या दिशेस वळविले पाहिजे.

हे दिशेचे प्रकरण जरा स्पष्ट केले पाहिजे. १८६४ साली गुजरातेकडून आलेला लोहमार्ग वसईवरून मुंबईस जाऊन मिळाला, आणि १८६७ च्या एप्रिलात विरारहून मुंबईस रोजची गाडी सुरू झाली. त्या दिवसापासून हा प्रदेश आपण उत्तर-दक्षिण वाचू लागलो. नायगाव, वसई, नालासोपारा, विरार ही जपमाळेतल्या मण्यांसारखी एकापुढे एक येणारी नावे आपल्यास पाठ झाली. पुढे मुंबई-अहमदाबाद महामार्गही त्याच रोखाने गेला. परंतु लोहमार्गापूर्वी निदान दोन हजार वर्षे या भूमीचा व्यवहार आडवा, म्हणजे पूर्व-पश्चिम चालत होता. घाटावरचा माल डोंगर उतरून खाडीवर यावयाचा आणि समुद्रावरचा माल त्याच वाटेने वर चढावयाचा. ही आडवी रेषा धरून चालल्याशिवाय सोपारा का उदयास आला, वसई का बांधली गेली आणि दोन्ही का मागे पडली, याचा उलगडा होत नाही. रेल्वेची गाडी रूळ सोडून आडवी जाऊ शकत नाही. मोटार जाऊ शकते.

म्हणून प्रवासाचा आरंभ किल्ल्यापासून न करता तालुक्याच्या पूर्व अंगास, चांदीपसारख्या गावापासून करावा. चांदीपास पाहण्याजोगे काही नाही, असे स्थलवर्णनाची पुस्तके चाळणारा म्हणेल. तेथे तट नाही, शिलालेख नाही. पण या पूर्व पट्ट्यात भातखाचरे आहेत, तुंगार डोंगराच्या रांगेचे रान आहे, वारली आणि मल्हार कोळी यांचे पाडे आहेत, आणि उत्तरेकडे तानसा-वैतरणेचे खोरे आहे. किनाऱ्यावर जे जे उभे राहिले, त्याचा कच्चा माल याच बाजूने गेला. बंदरास लाकूड लागते, धान्य लागते, ओझे वाहणारी माणसे लागतात आणि गोडे पाणी लागते. यांतील एकही वस्तू समुद्र देत नाही. बंदराचा इतिहास लिहिणारे जहाजापासून आरंभ करितात, तो रानापासून केला तर अधिक शोभेल.

येथून पश्चिमेस महामार्ग ओलांडला की थोड्याच वेळात सोपारे येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकानयनग्रंथात सुप्पारा व कल्याण ही दोन्ही बंदरे उल्लेखिली आहेत. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलातही सोपारे आहे. येथून आणि कल्याणाहून निघालेला माल नाणेघाटाने जुन्नरास चढे व पुढे पैठणाकडे जाई. कार्ल्याच्या लेण्यातील एका लेखात सोपाऱ्याच्या दात्याचे नाव आढळते. सह्याद्रीच्या माथ्यावर कोरलेल्या लेण्यात एका बंदरवासियाचे नाव यावे, यावरून त्या आडव्या रस्त्यावरील रहदारीची कल्पना येईल.

परंतु या रस्त्याविषयी सर्वांत हृद्य पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यातील उषवदाताच्या लेखात आहे. क्षहरात राजा नहपान याचा हा जावई. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे आपण प्रवाशांसाठी चौसोपी विश्रामगृहे बांधिली. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहाणुका या नद्यांवर पुण्यार्थ, म्हणजे उतारुकडून काही न घेता, नावा ठेविल्या. आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभामंडप व पाणपोया केल्या, असे तो सांगतो. दमणा म्हणजे दमणगंगा आणि दाहाणुका म्हणजे डहाणूची खाडी, हे उघड आहे. शक राजकुलातील या पुरुषास आपली कीर्ती चिरकाल टिकावी म्हणून दगडावर कोरून ठेवण्यासारखी वाटलेली गोष्ट कोणती, तर प्रवाशास नदी फुकट उतरता यावी आणि पलीकडे गेल्यावर तहान भागावी! भाड्याच्या मोटारीत बसणाऱ्याने हा लेख एकदा तरी मनात आणावा. २०२४ साली वसई आणि भाईंदर यांमध्ये मोटारीसुद्धा वाहून नेणारी नाव सुरू झाली, तेव्हा आम्हांस प्रथम उषवदाताचीच आठवण झाली. फरक इतकाच की, या नावेत भाडे पडते.

सोपाऱ्यात आज प्रवाशाने पाहावयाचा तो स्तूप होय. भगवानलालांनी १८८२ च्या एप्रिलात तो उकलण्यापूर्वी गावकरी त्यास बुरूड राजाचा कोट म्हणत. मधोमध विटांच्या पोकळीत एक दगडी पेटी निघाली. तीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि त्यात सोन्याचा, अशी एकात एक पात्रे होती. भोवती ब्राँझच्या आठ बसक्या बुद्धमूर्ती होत्या. यज्ञश्री सातकर्णीचे एक रौप्य नाणेही मिळाले. आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत काय होते? मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत असा तर्क भगवानलालांनी केला. तर्क खरा असो वा नसो, ज्यांनी सोन्याच्या आत माती ठेविली त्यांस मूल्यांचा क्रम बरोबर कळत होता, यात शंका नाही. हे करंडक आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. अशोकाचा लेख, आणि त्याच्या जोडीस १९५६ साली भुईगावास सापडलेला नवव्या लेखाचा तुकडा, हे दोन्ही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. सोपाऱ्यातील मुलांस आपल्या गावाचा मुख्य ठेवा पाहण्यास मुंबईस जावे लागते. ही व्यवस्था सुरक्षिततेची असेल. पण ज्या गावची वस्तू त्या गावी तिची निदान एक चांगली प्रतिकृती, मराठी भाषांतरासह, शाळेच्या वाटेवर असावी, ही अपेक्षा अवास्तव नाही.

सोपारे का बुडाले, याचे उत्तर कोणत्याही एका राजाच्या स्वारीत शोधू नये. पूर्वी वसईची खाडी आणि वैतरणा यांस जोडणाऱ्या खाड्यांमुळे वसईची किनारपट्टी जवळजवळ बेटासारखी अलग होती. त्या खाड्या गाळाने भरत गेल्या. जहाजे सरकली आणि त्यांच्यामागून व्यापार सरकला. आगाशीस जहाजबांधणीचा लौकिक होता. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगीजांनी ते गाव जाळिले. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने तहाने वसई पोर्तुगीजांस दिली, आणि १५३६ पासून किल्ल्याचे काम सुरू झाले. या भागातील काळा दगड इतका नावाजला की, गोव्याच्या बाँ जेझूच्या मंदिरासाठीही तो जहाजांतून नेण्यात आला.

आगाशी-अर्नाळ्यावरून, केळीच्या वाड्यांतून आणि निर्मळाच्या देवस्थानावरून मोटार दक्षिणेस वळली की वसईचा किल्ला येतो. बहुतेक प्रवाशांची सहल येथे आरंभ पावते व येथेच संपते. १७३७ साली ठाणे आणि अर्नाळा मराठ्यांनी घेतले. १७३९ च्या फेब्रुवारीत चिमाजीअप्पाने वसईस वेढा घातला. सुरुंगांनी बुरूज उडविले. मे महिन्यात किल्ला शरण आला. शरणागतांस बायकामुलांसह आणि चीजवस्तूंसह निघून जाण्याची मोकळीक देण्यात आली. मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेची वंशपरंपरा आणि तिची खास बोली आजही वसईत नांदते आहे. ६३ वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, त्याच वसईस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून पेशव्यांचे स्वातंत्र्य गहाण टाकिले. एकाच गावाच्या नावाशी घराण्याचा परमोत्कर्ष आणि अधःपात असे दोन्ही जोडले जावेत, असा योग इतिहासात क्वचितच येतो.

परंतु वसईच्या विजयाची स्मारके पाहावयाची तर किल्ल्याबाहेर पडावे लागते. तेथील घंटा घाट चढून गेल्या. मेणवलीस व नाशिकास नारोशंकराच्या देवळात त्या आजही टांगलेल्या आहेत. वज्रेश्वरीचे देऊळ चिमाजीअप्पाच्या नवसातून उभे राहिले, अशी परंपरा आहे. वज्रेश्वरी कोठे आहे? किनाऱ्यापासून दूर, तानसेच्या काठी, त्याच पूर्वेच्या वाटेवर. शिरसाडावरून पारोळमार्गे मोटार त्या देवळाच्या पायऱ्यांपाशी येते, तेव्हा आपण सकाळी जेथून निघालो त्याच मुलुखात परत आलेले असतो. सैन्य या बाजूने उतरले, नवस या बाजूस फेडला गेला. समुद्रावर झालेल्या घटनेचे ऋण रानाच्या बाजूस फेडावे लागते, असेच जणू त्या देवळाने लिहून ठेविले आहे.

हे ऋण आज किती फेडले जाते? २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. २०११ च्या शिरगणतीत या शहराची वस्ती १२ लाख २२ हजारांवर होती. इतक्या लोकांस लागणारे पाणी पेल्हार, उसगाव आणि सूर्या प्रकल्पाचे धामणी धरण येथून, म्हणजे पुन्हा पूर्वेकडूनच, येते. सोपारे ज्या रेषेवर जगत होते त्याच रेषेवर हे शहर जगत आहे. केवळ रेल्वेच्या डब्यात बसणाऱ्यास ती रेषा दिसत नाही. आणि जुलै १२१८ मध्ये नव्हे, आपल्या डोळ्यांदेखत जुलै २०१८ मध्ये, डोंगरावरचे पाणी समुद्राकडे निघाले तेव्हा त्यास वाट राहिली नव्हती. नालासोपारे आणि वसई पाण्याखाली गेली, लोहमार्ग बंद पडला, मिठागरांतील माणसे अडकून पडली. ज्या खाड्यांचा इतिहास आपण विसरलो, त्यांच्या जागा पाणी विसरले नव्हते. गाळाने एक बंदर बुजविले ते शतकांच्या संथ गतीने. भरावाने आपण तेच काम एका पिढीत उरकीत आहो. इतिहासाचा अभ्यास हा फावल्या वेळचा छंद आहे असे समजणाऱ्यांनी या एका उदाहरणाचा विचार करावा.

म्हणून वाचकांस आमची विनंती अशी आहे. पुढल्या सुट्टीत मोटार ठरवाल तेव्हा ड्रायव्हर शक्यतो याच तालुक्यातला पाहा. पुस्तकात नसलेली निम्मी नावे त्यास ठाऊक असतात. भाडे मैलांवर ठरले असेल तर थांबण्याचा कंटाळा करू नका, आणि तासांवर ठरले असेल तर चार पैसे अधिक गेले तरी हरकत नाही असे समजा. चांदीपच्या बाजूस उतरून एखाद्या वृद्धास विचारा की पूर्वी ओढा कोठून वाहत होता, बाजारास कोणत्या वाटेने जात, भात कोणत्या खाडीवर होडीत चढे. किल्ला त्यानंतर पाहा. तो कोठे जात नाही. परंतु ओढ्याची जुनी वाट सांगणारी माणसे फार दिवस राहावयाची नाहीत. अशोकाने धर्मयात्रेच्या यादीत वृद्धांची भेट आणि जनपदाचे दर्शन ही दोन्ही घातली होती, आणि ती यादी याच मातीत सापडली आहे.