शब्दवेध : कार्ब्युरेटर

लॅटिनमध्ये ‘कार्बो’ म्हणजे कोळसा. त्यावरून कार्बन, आणि पुढे हवेत कार्बनयुक्त इंधन मिसळणारा तो कार्ब्युरेटर. या नावात हवेचा उल्लेखच नाही. म्हणून घरी जुनी प्रीमियर पद्मिनी ट्यून करताना सगळं लक्ष पेट्रोलवर जातं. प्रत्यक्षात 1 भाग पेट्रोलला वजनाने सुमारे 15 भाग हवा लागते. बोरघाट चढून 600 मीटरांवरच्या लोणावळ्यात आलं की हवा विरळ होते, मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि आधीच जास्त पेट्रोल घेणाऱ्या गाडीच्या प्लगवर काजळी धरते. एवढ्या उंचीने काय बिघडतं, असं कोणी म्हणेल. मुंबईपेक्षा हवेची घनता साधारण 6 टक्के कमी भरते; त्यासाठी मुख्य जेट बदलायला नको, हे खरं. पण एअर फिल्टर साफ करून, इंजिन गरम असताना आयडलिंगचा स्क्रू जुळवायलाच हवा. मावळात फिरणारी गाडी मावळच्याच हवेत ट्यून करावी.